भाकरतुकडा आणि वेलकम होम

भादुडीसाहेब जन्मले बारिसालला, वाढले बारिसालला, मॅट्रिकसुद्धा हिवतापाने फणफणलेले असताना बारिसाललाच झाले. पण 'होम' म्हणत ते इंग्लंडला. तरुणपणी सरकारने त्यांना हिशेबतपासणीचं शिक्षण घ्यायला वर्षभर तिकडे धाडलं होतं. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं. "व्हेन आय वॉज ॲट होम" अशी त्यांनी सुरुवात केली की ऑफिसातले बाबू पेनं खाली ठेवत, कारण आता संत्र्याच्या मुरंब्यापासून लंडनच्या धुक्यापर्यंत सगळं ऐकल्याशिवाय सुटका नसे. खरे इंग्रज फोर्ट विल्यममधून चंबूगबाळं आवरून गेले त्याला पाच वर्षं होत आली होती. जाताना आपलं होम मात्र ते भादुडीसाहेबांकडे सांभाळायला ठेवून गेले असावेत.

याच साहेबांना सरकारने पुन्हा सहा महिने इंग्लंडला पाठवलं. आता ते परत येणार होते, आणि त्यांच्या टेबलाच्या खणात दिगंबर रहाळकरचा पुण्याला बदली मागणारा अर्ज पडला होता.

दिगंबर त्या ऑफिसात सुपरिंटेंडंट होता. लष्करी हिशेबांच्या त्या कचेरीत इंग्रजी मसुदा लिहावा तर रहाळकरनीच, असा त्याचा लौकिक होता. निदान त्याच्या घरी तरी होता. मूळचा बार्शीचा. कलकत्त्याला येऊन आठ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची चार वर्षं तो बायकोला, कालिंदीला, "यंदा पुणं नक्की" असं सांगत होता. कालिंदीला पुण्याचं कौतुक नव्हतं. तिचं दुखणं वेगळं होतं. नऊ वर्षांच्या लीनाला 'ळ' म्हणता येईनासा झाला होता. केळ्याला ती 'केला' म्हणे, डोळ्याला 'डोला' म्हणे, आणि एकदा तिने देवापुढे "गनपतीबाप्पाला कमल वाहिलं" असं सांगितलं तेव्हा कालिंदी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

"पोरगी सासरी जाईपर्यंत हिची मराठी सासरीच जायची," ती म्हणाली. "साहेब आले की विचारा. या वेळी गप्प बसू नका."

विचारायचं तर निमित्त हवं. साहेब सहा महिन्यांनी परत येतायत, त्यांच्या स्वागताचा छोटासा समारंभ करावा, त्यात अस्सल इंग्रजीत एक मानपत्र वाचावं, साहेब विरघळतील, आणि विरघळलेल्या साहेबांसमोर अर्ज सरकवावा, असा दिगंबरने बेत आखला. हार, चहा आणि 'वेलकम होम' असा बोर्ड. अर्ध्या तासाचं काम होतं.

ऑफिसच्या हॉलसाठी त्याने परवानगी मागितली. परवानगीचा विभाग जयप्रकाश सिन्हा नावाच्या दुसऱ्या सुपरिंटेंडंटकडे होता. सिन्हा पाटण्याचे. दर शनिवारी रात्रीच्या गाडीला बसून पाटण्याला आईच्या हातचं जेवायला जात आणि सोमवारी सकाळी डबा घेऊन हजर होत. साहेबांचं स्वागत आपल्याला सुचलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते फायलीवर शेरा मारत. शेरा असा होता, की साहेबांच्या स्वतःच्याच वारंवार केलेल्या उल्लेखांनुसार त्यांचं होम इंग्लंडात आहे. सबब ते होमहून निघून कलकत्त्याला येत आहेत. मग 'वेलकम होम' हे स्वागत नक्की कोणाच्या होममध्ये समजावं याचा खुलासा व्हावा. दिगंबरने कागद भरभरून खुलासा केला. फाईल वर गेली, बाजूला गेली, बराकपूरच्या शाखेकडे विनाकारण जाऊन आली आणि परतली तेव्हा समासात कोणीतरी लाल शाईने एवढंच लिहिलं होतं, की होमविषयक कार्यक्रम संबंधितांनी आपापल्या होममध्ये करावेत.

त्यामुळे समारंभ भवानीपुरात, दिगंबरच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आला.

आता मानपत्र. त्यासाठी मुकुंदराव चांदोरकर होते. मुकुंदराव समोरच्या बिऱ्हाडात राहत. तीन पिढ्या कलकत्त्यात गेलेल्या. कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि सल्ला मागायला कोणी आलं नाही तर स्वतः द्यायला जात. त्यांचं म्हणणं पडलं की मानपत्र एका सूत्रात हवं, आणि घरी परतण्याविषयी इंग्रजीत जेवढे वाक्प्रचार आहेत तेवढे सगळे त्यात गुंफले की साहेब गार पडतील.

मग संध्याकाळी बैठका सुरू झाल्या. मुकुंदराव वाक्प्रचार सांगत, दिगंबर तो लिहून घेई आणि शेंगा सोलत बसलेली कालिंदी अर्थ विचारी.

"ब्रिंग होम द बेकन," मुकुंदराव म्हणाले. "म्हणजे यशस्वी होऊन घरी येणे."

"बेकन म्हणजे?"

"डुकराचं खारवलेलं मांस," दिगंबर खालच्या आवाजात म्हणाला.

कालिंदीने शेंगांचं सूप जरा लांब सरकवलं. "यश मिळालं की ते घरात हे आणतात?"

"तसं नव्हे वहिनी, ते आपलं म्हणायचं. दुसरा घ्या. टिल द काउज कम होम. गाई घरी येईपर्यंत. म्हणजे अनंतकाळ."

"अनंतकाळ कसा? आमच्या बार्शीला दिवेलागणीला येतात की गाई."

मुकुंदरावांनी बराच विचार केला. इतकी वर्षं ते हा वाक्प्रचार शिकवत होते, पण त्यातल्या गाईंची चौकशी कोणी केली नव्हती. "तिकडच्या गाई जरा उनाड असाव्यात," ते शेवटी म्हणाले. "तिसरा फारच सुंदर आहे. चिकन्स कम होम टु रूस्ट. कोंबड्या रात्री आपल्या खुराड्यात परततात."

"म्हणजे दिवसभर हिंडून जीव शेवटी घरीच येतो," दिगंबर भारावून म्हणाला. त्याने हा वाक्प्रचार मानपत्राच्या शेवटी, अगदी कळसाच्या जागी टाकला.

"डुकरं, गाई, कोंबड्या," कालिंदी म्हणाली. "घर आहे का गोठा? आणि एवढं सगळं येतं घरी, पण दारात उभं कोणी दिसत नाही ते."

दिगंबरने चष्म्यावरून तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पण बायको बोलायची थांबली नव्हती. माणूस सातासमुद्रापलीकडून येतोय, बोटीत कोणाकोणाच्या नजरा लागल्या असतील, आणि उंबऱ्यावर त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा नाही म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. परगावाहून आलेल्या माणसावरून भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून बाहेर फेकल्याशिवाय तिने आजवर कोणाला घरात घेतलं नव्हतं. एकदा रेल्वेचा संप झाल्यामुळे दोन दिवस उशिरा आलेल्या दिगंबरला तिने जिन्यात ताटकळत ठेवून आधी भाकरी थापली होती.

"इंग्रजी समारंभात हे चालणार नाही," दिगंबर म्हणाला.

"मग श्रीखंड आणि वडे तुमच्या इंग्रजांकडून करून घ्या. मला ज्वारी आणून द्याल तर मी करीन."

सगळ्यांत कठीण काम असं शेवटी सुरू झालं. कलकत्त्यात ज्वारी खात कोणी नाही. बंगाली माणसाला तांदूळ, फार तर आजारपणात पोळी. भवानीपुरातल्या वाण्यांनी दिगंबरला हाकलून दिलं. शेवटी तो सियालदहच्या घाऊक बाजारात गेला, तेव्हा कोणीतरी त्याला पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे पोत्यात पांढरीशुभ्र ज्वारी होती. जुन्या घराण्यातले शौकीन लोक कबुतरांसाठी ती नेत.

"किती कबुतरं आहेत?" दुकानदाराने हिंदीत विचारलं.

लष्करी हिशेबाच्या कचेरीतला सुपरिंटेंडंटने बोटांवर हिशेब केला. "दोन मोठी, एक लहान," तो म्हणाला.

"लहान आहे तर भिजवून द्या. घशात अडकते."

पिठाच्या गिरणीतही तोच प्रकार झाला. कबुतराचा दाणा आपल्या जात्यात घालणार नाही असं गिरणीवाल्याने सांगितलं. दिगंबरने त्याला समजावलं, की कबुतर फार म्हातारं आहे आणि त्याला दात नाहीत. कबुतराला एरवीही दात नसतात हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, आणि दया येऊन त्याने ज्वारी दळून दिली. पीठ घेऊन ट्राममध्ये बसताना दिगंबरने मनाशी ठरवलं, की हे पुण्याला कोणाला सांगायचं नाही.

बोर्ड रंगवणारा राहिला होता. वळणावरच्या त्या रंगाऱ्याने आजवर लग्नाचेच बोर्ड रंगवले होते. 'वेलकम होम' ही अक्षरं त्याने सुरेख काढली. पण नुसती अक्षरं त्याला उघडीबोडकी वाटली. म्हणून त्याने वर एक मोठं रंगीत फुलपाखरू काढलं, बाजूला केळीचे खुंट काढले आणि खाली समोरासमोर दोन मासे. बंगाल्यांत फुलपाखराशिवाय लग्न लागत नाही. शनिवारी संध्याकाळी बोर्ड इमारतीच्या दारावर चढला आणि सारी गल्ली सावध झाली.

तळमजल्यावरच्या घोषमाशीमांनी, म्हणजे साऱ्या गल्लीच्या घोषमावशींनी, लीनाला गाठून विचारलं. लीनाने अस्खलित बंगालीत सांगितलं, की बाबांचे साहेब आणि त्यांची बायको उद्या लांबून येणार आहेत आणि आई त्यांना दारात ओवाळणार आहे. फुलपाखरू, नवरा, बायको आणि ओवाळणं, एवढं ऐकल्यावर माशीमांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. नवी सून घरी येणार आणि परप्रांतातल्या बिचाऱ्या कालिंदीच्या हाताशी एकही सवाष्ण नाही, या विचाराने त्या कामाला लागल्या.

रविवारी संध्याकाळी भादुडीसाहेबांची मोटार थांबली. साहेब टायबीय लावून उतरले. मागून भादुडीबाई उतरल्या, केस पांढरे, गुडघे दुखरे. तोच दोन्ही बाजूंनी शंख फुंकले गेले. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका लाल काठांच्या साड्या नेसून उभ्या होत्या, आणि त्यांनी जिभा हलवून असा उलुध्वनी केला की मोटारीचा ड्रायव्हर पुन्हा आत जाऊन बसला. सुनेचं वय पाहून माशीमा जराशा चपापल्या. पण तोंडाला लावलेला शंख अर्धवट सोडणं अशुभ असतं. त्यांनी बाईंच्या कपाळाला शेंदूर लावला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या भादुडीबाई चक्क लाजल्या.

वर दाराशी दिगंबर मानपत्राची गुंडाळी धरून उभा होता. शंख ऐकून तो दाराकडे वळला. समोर पाहतो तर उंबऱ्यात कालिंदी पदर खोचून उभी, एका हातात भाकरीचा तुकडा आणि एका हातात तांब्या. त्याने भुवयांनी नको म्हटलं, मानेने नको म्हटलं, शेवटी मानपत्रानेही नको म्हटलं. कालिंदीने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

साहेब जिना चढून वर आले. तिने त्यांच्यावरून आणि बाईंवरून तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, ओल्या बोटांनी दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा त्यांच्या डोक्यावरून मागे जिन्यात भिरकावला.

जिन्यात जयप्रकाश सिन्हा होते. समारंभाला आपण नाही असं दिसू नये म्हणून त्यांनी त्या आठवड्याची पाटण्याची गाडी सोडली होती आणि धापा टाकत ते साहेबांच्या मागोमाग चढत होते. ओला तुकडा फट्‌कन त्यांच्या चष्म्यावर बसला.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

दारातल्या मुकुंदरावांना विनाउत्तर प्रश्न सहन होत नसे. "प्रसाद," ते म्हणाले.

सिन्हा धर्मभीरू गृहस्थ. त्यांनी तुकडा कपाळाला लावला आणि भक्तिभावाने तोंडात टाकला. कालिंदीने तोंडाला पदर लावला. साऱ्या समुद्राची, बोटीची आणि विलायतेची दृष्ट ज्या तुकड्यात उतरली होती, तो सिन्हा चावून चावून खात होते.

मानपत्र सुरू झालं. साहेबांनी यशाचं बेकन घरी आणलं, इथवर सगळं ठीक चाललं. ऑफिस त्यांची वाट गाई घरी येईपर्यंत पाहणार होतं, हेही साहेबांनी ऐकून घेतलं. मग दिगंबरने आवाज चढवला आणि तो म्हणाला, की ज्याप्रमाणे कोंबड्या अखेर खुराड्यात परततात, त्याप्रमाणे आमचे साहेब—

साहेबांनी हात वर केला. "मिस्टर रोहालकार," ते इंग्रजीत म्हणाले, "ते माणसाच्या पापांविषयी म्हणतात. पापं फिरून माणसाच्याच अंगावर येतात, असं."

दिगंबर खाली बसला. मुकुंदराव खिडकीतून समोरच्या आपल्या बिऱ्हाडाकडे इतकं टक लावून पाहू लागले, जणू तिथे चोर शिरला होता. खोलीत वड्यांचा वास तेवढा फिरत होता. चार वर्षांचं पुणं जिना उतरून चाललेलं दिगंबरला स्पष्ट दिसलं.

साहेब कालिंदीकडे वळले. "दारात काय केलंत ते?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"बाहेरून घरी आलेल्या माणसाची दृष्ट काढतात," ती म्हणाली. "आल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून दारातच."

साहेब बोलले ते बंगालीत, बायकोला बोलावं तसं. बारिसालला आई नदीच्या घाटापर्यंत येई, डोक्यावर साळी आणि दूर्वा ठेवी आणि मगच होडीतून उतरू देई. फाळणीनंतर ते घर पलीकडे गेलं. कलकत्त्यात आहे ते नुसतं बिऱ्हाड; त्याला बंगालीत 'बाशा' म्हणतात, आणि 'बाडी' म्हणजे घर, ते एकच असतं. आता कोणी विचारलं घर कुठे, तर सांगायचं काय? इंग्लंड म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

लीना हे सगळं मराठीत आईला सांगत होती. "त्यांचं सगलं घर पलीकडे राहिलं," तिने सांगितलं, आणि कालिंदीने मुलीच्या 'सगलं'कडेही लक्ष दिलं नाही, इतकी ती साहेबांकडे पाहत होती. मग तिने श्रीखंड बाजूला सारून उरलेली भाकरी, लोणी आणि लसणाची चटणी पुढे ठेवली. साहेबांनी कोट काढला, टाय सोडला, पाटावर मांडी घातली आणि हाताने जेवले. जाताना त्यांनी दिगंबरचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या रात्री दिगंबरने ट्रंका खाली काढून पुसल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"पुण्याचं मागणीपत्र आलंय. अनुभवी सुपरिंटेंडंट हवा म्हणतात. खरं सांगायचं तर विलायतेला जायच्या आधीच मी तुमच्या अर्जावर शिफारस लिहून ठेवली होती."

दिगंबरच्या लक्षात आलं की साहेब विलायत म्हणाले, होम म्हणाले नाहीत. का कोण जाणे, त्याला ते चांगलं लक्षण वाटलं नाही.

"ती मी सोमवारी आल्याआल्या फाडली," साहेब म्हणाले. "मला घर मिळालं आणि त्याच घराला मी पुण्याला पाठवू? मिसेस रोहालकारना सांगा, शनिवारी येतोय. पुण्याला सिन्हा जातील."

सिन्हा बाहेर व्हरांड्यात रडत होते. पुण्याहून पाटण्याला रात्रीची गाडी नाही, एवढंच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मानपत्रातून एक वाक्प्रचार दिगंबरने जागा पुरेना म्हणून गाळला होता. एखादी गोष्ट माणसाला फार उशिरा आणि फार चांगली समजली की इंग्रज म्हणतात, ती 'होम' आली. त्या दिवशी ट्रामचं तिकीट न काढता तो भवानीपूरपर्यंत चालत आला.

कालिंदीने सगळं ऐकून घेतलं. पुसलेल्या ट्रंका तिने एकटीने परत माळ्यावर चढवल्या आणि दोन दिवस घरात मराठीसुद्धा कोणी फारसं बोललं नाही. आपलं चुकलं कुठे हे दिगंबर शोधत होता आणि त्याला प्रत्येक वेळी कोंबड्याच सापडत होत्या.

शनिवारी संध्याकाळी खाली मोटार वाजली. कालिंदीने कबुतरांच्या ज्वारीचं उरलंसुरलं पीठ मळायला घेतलेलं होतंच. तिने तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडला, तांब्या भरला आणि नवऱ्याकडे वळली.

"त्या दिवशी तुकडा कोणी खाल्ला?"

"सिन्हांनी."

"आणि पुण्याला कोण चाललंय?"

दिगंबर बी.ए. होता, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नव्हता आणि तसं त्याने अनेकदा इंग्रजीत बोलूनही दाखवलं होतं.

"साहेब जिन्यात येईपर्यंत वेळ आहे," कालिंदी म्हणाली. "मागच्या जिन्याने उतरा आणि त्यांच्या मागून चढून या. आणि चष्मा काढून ठेवा."

दिगंबरने चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, चपला घातल्या आणि निमूटपणे मागच्या जिन्याने खाली गेला.